पिंजरा आणि किल्ली

(सांगली येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा छापील मजकूर)



विषयाबद्दल आधी एक खुलासा करतो. निमंत्रणपत्रिकेवर तुम्ही 'युरोपीय चित्रपट : एक दृष्टिक्षेप' असं वाचलं असेल. मी कळवलेला विषय होता, 'इटलीतले शृंगारपट आणि आपले तमाशापट'. पत्रिका घरोघरी जाते, पोरंबाळं वाचतात, म्हणून संयोजकांनी जरासा बदल केला. माझी काही तक्रार नाही. उलट माझ्या पहिल्या मुद्द्याला त्यांनी आयतं उदाहरण पुरवलं, त्याबद्दल आभार.

कुणी म्हणेल, सांगलीत हा विषय कशाला? मी विचारतो, सांगलीत नाही तर कुठे? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं 'सीतास्वयंवर' उभं केलं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण याच कृष्णाकाठी, रेठरे हरणाक्षला, श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा मुलगा जन्मला आणि तो पुढे पठ्ठे बापूराव झाला, हे सांगताना आपला आवाज थोडा खाली येतो. कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा पाहायला माणसं बैलगाड्या जुंपून जात. वाईच्या यमुनाबाईंनी बैठकीची लावणी पद्मश्रीपर्यंत नेली. या मुलखाला शृंगार बाहेरून आणावा लागला नाही. त्याबद्दलची लाज कुठून आली, हा चर्चेचा विषय आहे.

आता इटलीतला कोणता सिनेमा? फेलिनी-अँतोनिओनींचा महोत्सवी सिनेमा मी बाजूला ठेवतो. मला बोलायचंय ते साधारण १९७० ते १९९२ या काळातल्या, तिकीट खिडकीवर डोळा ठेवून काढलेल्या शृंगारिक चित्रपटांबद्दल. त्यातले काही चांगले आहेत, पुष्कळसे सुमार आहेत, आणि काही निव्वळ वाईट. ते जगभर इंग्रजीत डब होऊन फिरले. आपल्याकडे सकाळच्या खेळाला 'इंग्लिश पिक्चर' लागायचं, ते आठवणारे काही चेहरे मला समोर दिसतायत. नावं घेत नाही.

माझे मुद्दे तीन. आडोसा, गल्ला आणि नजर. शृंगारपट कशाच्या आडोशाला उभा राहतो? त्याचा गल्ला कोण भरतो आणि कोण पळवतो? आणि त्यातली नजर कुणाची असते? या तीन प्रश्नांनी इटलीचा सिनेमा तपासला की आपला तमाशापट आपोआप तपासला जातो.

त्याआधी एक साल लक्षात ठेवा. १९७२. आपल्याकडे ते साल म्हटलं की पहिल्यांदा दुष्काळ आठवतो. माण-खटावात, आटपाडी-जतला माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. त्याच साली व्ही. शांतारामांचा 'पिंजरा' आला. त्याच साली तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' रंगमंचावर आला आणि रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाशी भांडत दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले. निळू फुले या दोन्हींत होते, हा योगायोगही ध्यानात घ्या. त्याच साली २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आणि त्याच साली बेर्नार्दो बेर्तोलुच्चीचा 'लास्ट टँगो इन पॅरिस' न्यूयॉर्कच्या महोत्सवात दाखवला गेला. खडी, लावणी, कोर्ट, टीव्ही आणि टँगो, सगळं एका सालात. आजचं व्याख्यान या सालाभोवतीच फिरणार आहे.

आडोसा

इटली हा कॅथलिक देश. रोममध्ये पोप बसलेला. १९५८ साली लीना मेर्लिन या समाजवादी सिनेटर बाईंच्या कायद्याने सरकारमान्य कुंटणखाने बंद झाले. १९६२च्या कायद्याने नाटकाची पूर्वतपासणी उठली, सिनेमाची मात्र राहिली. चौदा वर्षांखालील, अठरा वर्षांखालील, अशा वयाच्या पायऱ्या ठरल्या. अशा देशात शृंगार पडद्यावर आणायचा तर काही तरी आडोसा लागणारच.

पहिला आडोसा साहित्याचा. १९७१ साली पाझोलिनीने बोकाच्चोच्या चौदाव्या शतकातल्या कथांवरून 'डेकॅमेरॉन' केला. पाझोलिनी कवी होता, विचारवंत होता, त्याचा हेतू गंभीर होता. पण त्याच्या मागोमाग जी रांग लागली, तिचा हेतू साधा होता. मध्ययुगातला मठ, खट्याळ जोगीण, मूर्ख नवरा, आणि वर अभिजात साहित्याचा शिक्का. दोन-तीन वर्षांत असे डझनांनी चित्रपट निघाले. बोकाच्चो शाळेत शिकवला जातो, मग तुम्ही आक्षेप कसा घेणार?

दुसरा आडोसा भूतकाळाचा. साल्वातोरे साम्पेरीचा 'मालित्सिया' १९७३चा. पन्नाशीच्या दशकातली सिसिली, विधुर बाप, त्याची मुलं, आणि घरकामाला आलेली देखणी तरुणी. ती भूमिका करणाऱ्या लाऊरा आंतोनेल्लीला या एका चित्रपटाने देशभर नेलं. भूतकाळ का? कारण भूतकाळात बंधनं असतात, आणि बंधनाशिवाय शृंगाराला ताण नाही. शिवाय 'तेव्हा असं होतं बुवा' म्हटलं की आज कुणाला बोट लावायचं कारण उरत नाही.

तिसरा आडोसा राजकारणाचा, आणि त्यातला वस्ताद तिंतो ब्रास. व्हेनिसच्या मुशीतला हा दिग्दर्शक. १९७६चा त्याचा 'सालोन किटी' नाझी हेरगिरीसाठी चालवलेल्या कुंटणखान्यावर. १९७९चा 'कॅलिग्युला' रोमन सम्राटावर, ज्यात निर्मात्याने नंतर स्वतःची उघडीवाघडी दृश्यं घुसवली आणि ब्रासने तो चित्रपट आपला म्हणायचं नाकारलं. मग १९८३ साली आला 'ला क्यावे', म्हणजे 'किल्ली'. मूळ कादंबरी जपानच्या जुनिचिरो तानिझाकीची. ब्रासने ती १९४०च्या व्हेनिसमध्ये नेली, मुसोलिनीचा इटली महायुद्धात उतरण्याच्या बेतात असताना. वयस्क नवरा बायकोने वाचावी म्हणून रोजनिशी लिहितो, किल्ली मुद्दाम सापडेल अशी ठेवतो. मग बायकोही लिहू लागते. पुढे १९८५च्या 'मिरांदा'साठी ब्रासने अठराव्या शतकातल्या गोल्दोनीच्या नाटकाचा आधार घेतला. १९९१च्या 'पाप्रिका'त मेर्लिन कायद्याने बंद पडत आलेल्या कुंटणखान्यांबद्दल चक्क हळहळ आहे. ज्या बायकांच्या सुटकेसाठी तो कायदा झाला, त्यांच्या नावाने ही हळहळ. आडोसा कसा वापरावा, ते इथं शिकावं.

आता घरी या. आपला आडोसा कोणता? आपला आडोसा बोधाचा.

'पिंजरा' तुमच्यातल्या बहुतेकांना पाठ असेल. गावाने देव मानलेले गुरुजी. ते तमाशाला विरोध करतात, तमाशातल्या चंद्रकलेशी वैर धरतात, आणि तिच्यातच अडकतात. एक खून होतो, प्रेताला गुरुजींचे कपडे चढतात, गाव गुरुजींना मेलेलं समजून त्यांचा पुतळा उभारतं. जिवंत गुरुजी फडात हरकाम्या होऊन राहतात. शेवटी गुरुजींचा खून केला म्हणून गुरुजीच फासावर जायला तयार होतात. गुरुजी झाले साताऱ्यात जन्मलेले डॉ. श्रीराम लागू. संगीत मिरजेच्या राम कदमांचं. बीज मात्र जर्मन. १९३०चा 'द ब्लू एंजल', आणि त्यामागे हाइनरिश मान यांची कादंबरी.

मोठा चित्रपट आहे, यात वाद नाही. पुतळ्याच्या पायाशी उभा असलेला जिवंत माणूस, ही कल्पना आजही अंगावर येते. पण मला सांगा, दुष्काळी कामावरचा पगार हातात पडल्यावर माणूस तालुक्याला जाऊन तिकीट काढत होता, ते कशासाठी? उपदेशासाठी? उपदेश तर त्याला फुकट मिळत होता, रोज, मुकादमाकडून. तो चंद्रकला झालेल्या संध्याबाईंचं नाचणं पाहायला जात होता, राम कदमांची ढोलकी ऐकायला जात होता. बोध हा परतीच्या वाटेवर बायकोला सांगायचा भाग. 'मास्तरचं वाटोळं झालं गं त्या बाईपायी.'

हे वाक्य नीट ऐका. वाटोळं मास्तरचं झालं, आणि ते झालं बाईपायी. आडोसा फुकट मिळत नाही, त्याचं भाडं भरावं लागतं. इटालियन चित्रपट भाडं भरत होता साहित्याचं नाव राबवून. आपला तमाशापट भाडं भरत होता बाईवर दोष टाकून.

आणि हा आडोसा सिनेमावाल्यांनी एकट्यांनी उभारला नाही. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी आणली, मग सुधारणेच्या अटींवर ती उठवली. संहिता तपासून घ्यायची, पांचटपणा काढायचा, बोध घालायचा. तमाशा लोकनाट्य झाला तो असा. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी त्या साच्यात कामगाराचं राजकारण भरलं, ती त्यांची प्रतिभा. सगळ्यांना ते जमणार नव्हतं. बाकीच्यांनी शेवटच्या प्रवेशात एक सुविचार ठेवला आणि परवाना घेतला.

गल्ला

दुसरा मुद्दा पैशाचा. आपण अश्लीलतेवर तासन् तास बोलतो, गल्ल्यावर बोलायला लाजतो. खरं तर लाज उलटी हवी.

एक आकडा सांगतो. १९७५ साली इटलीत सिनेमाची सुमारे एक्कावन्न कोटी तिकिटं विकली गेली. दहा वर्षांनी, १९८५ साली, सुमारे बारा कोटी. चारातली तीन तिकिटं गेली कुठे? पोपने अडवली? न्यायाधीशांनी जप्त केली?

प्रयत्न झाले, नाही असं नाही. २९ जानेवारी १९७६ला इटलीच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने 'लास्ट टँगो'च्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. बेर्तोलुच्चीला शिक्षा झाली, ती स्थगित राहिली, पण पाच वर्षं त्याचा मतदानाचा हक्क गेला. सिनेमा काढला म्हणून मतदान बंद! आणि १९८७ साली तोच चित्रपट इटलीत परत लागला. म्हणजे न्यायालयाने काय थांबवलं?

तिकिटं गेली ती दुसऱ्याच निकालामुळे. त्याच १९७६ साली तिथल्या घटना न्यायालयाने सरकारी दूरचित्रवाणीची स्थानिक पातळीवरची मक्तेदारी मोडली. गावोगावी खासगी केंद्रं उगवली. १९८० साली बेर्लुस्कोनीची वाहिनी आली. त्या केंद्रांना रात्र भरायला काही तरी हवं होतं, आणि स्वस्तात मिळत होते ते जुने चित्रपट. जो शृंगारपट पाहायला माणूस कॉलर वर करून थिएटरात शिरायचा, तो आता त्याच्या बैठकीत, सोफ्यासमोर आला. दुसऱ्या टोकाला, सगळंच उघड दाखवणारी तांबड्या दिव्यांची थिएटरं सुरू झाली. मधल्या चित्रपटाने करायचं काय? ना कुटुंबाला चालणारा, ना पूर्ण उघडा. कुटुंब टीव्हीकडे गेलं, धीट गिऱ्हाईक तांबड्या दिव्याकडे गेलं.

मधला चित्रपट मग परदेशी गिऱ्हाइकाकडे वळला. या धंद्यातला पक्का माणूस म्हणजे जो दामातो. खरं नाव अरिस्तिदे मास्साच्चेझी, पेशाने छायालेखक, नावं घेतली असंख्य. फ्रान्सच्या 'इमॅन्युएल'ने १९७४ साली गल्ला भरला, तर पुढच्याच वर्षी इटलीने नावातला एक 'म' गाळून आपली 'एमान्युएल' काढली. हक्कांचा प्रश्नच मिटला. ती मालिका पुढे दामातोने चालवली. हॉलिवूडचा 'नाइन अँड हाफ वीक्स' १९८६ला आला, लगेच १९८७ला दामातोचा 'अकरा दिवस, अकरा रात्री' तयार. चित्रीकरण अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला, नट अमेरिकन, भाषा इंग्रजी, पैसा आणि कारागीर इटालियन, मुक्काम व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात. सिसिलीचं घर नाही, व्हेनिसचा कालवा नाही, बोकाच्चो नाही. आडोसाही परवडेनासा झाला होता. नव्वदीच्या मध्यापर्यंत हा सगळा बाजार आटोपला. त्याला कुणी बंदी घातली नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, एवढंच.

आता आपला हिशेब मांडा. १९४७चा 'लोकशाहीर राम जोशी' हा तमाशापटाचा उगम मानला जातो. १९५९ला अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. पटकथा माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची, गीतं त्यांच्या थोरल्या भावाची, आणि बुगडीची लावणी गायली ती याच सांगली भागात जन्मलेल्या आशा भोसले यांनी. म्हणजे पुण्या-मुंबईने पाहिलेल्या तमाशाला बोली आटपाडीकडची होती.

पुढची पंचवीसेक वर्षं हा प्रकार चालला. जत्रेतल्या तंबूत चालला, तालुक्याच्या टॉकीजला चालला. १९७१ला दादा कोंडक्यांनी 'सोंगाड्या' काढला आणि वगातली हजरजबाबी द्व्यर्थी भाषा उचलून थेट सिनेमाच्या मधोमध आणली. आडोसा म्हणून त्यांनी फक्त भोळेपणा वापरला. नायक इतका बावळट की त्याला दुसरा अर्थ कळतच नाही. कळतो तो तुम्हाला. चावट कोण? तुम्ही! सेन्सॉरच्या अधिकाऱ्याने दुसरा अर्थ काढला तर चावटपणा त्याचा. ही युक्ती तिंतो ब्रासलाही सुचली नव्हती.

पण १९७२ला सुरू झालेला तो टीव्ही हळूहळू आत सरकत होता. १९८२ला तो रंगीत झाला, मागून व्हिडिओ आला. १९८५च्या 'धुमधडाका'पासून शहरी विनोदी चित्रपटाची लाट आली. तमाशापट मावळला. त्याला कुठल्या मंत्र्याने बंद केलं? कुठल्या मोर्चाने? संस्कृतिरक्षक पोचायच्या आत अँटेना पोचला होता.

म्हणून माझं म्हणणं असं की शृंगारपटाचा जन्म आणि मृत्यू ठरतो गल्ल्यावर. नीतीची भाषा मधल्या काळात, भाव ठरवायला वापरली जाते. बंदीची हाकाटी झाली की तिकीट वाढतं, हे निर्मात्याला कळतं. बंदी मागणाऱ्यालाही ते कळायला हरकत नाही.

नजर

आता तिसरा मुद्दा. माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा, म्हणून शेवटी ठेवलाय.

'मालित्सिया'त कॅमेरा कुठे उभा आहे? दाराआड, जिन्याखाली, शिडीच्या पायथ्याशी. त्या घरातल्या सगळ्या पुरुषांची नजर तिच्यावर आहे, आणि त्यातल्या एकाचं वय आजच्या प्रेक्षकाला खटकेल, खटकायलाच हवं. छायालेखन वित्तोरिओ स्तोरारोचं, जगातल्या अव्वल छायालेखकांपैकी एकाचं. प्रकाश अप्रतिम आहे. पण त्या प्रकाशात ती बाई काय पाहते, हे आपल्याला जवळजवळ कधीच दिसत नाही. ती पाहिली जाते. पाहत नाही.

शिवाय तिचा आवाजही पुष्कळदा तिचा नसतो. इटलीत संवाद नंतर डब करायची पद्धत होती. पडद्यावर एकीचं अंग, ध्वनिपट्टीवर दुसरीचा आवाज. 'आपल्याकडे पार्श्वगायन असतंच की,' असं तुम्ही म्हणाल. बरोबर. आणि तिथंच थोडं थांबूया.

तमाशातली बाई गात होती आणि नाचतही होती. गळा तिचा, पाय तिचे, अदा तिची. सिनेमाने तिचे दोन तुकडे केले. गळा एकीला दिला, अंग दुसरीला. गळा ध्वनिमुद्रिकेवर चढून घराघरात, हळदीकुंकवात, अगदी गणेशोत्सवातही पोचला. अंग थिएटरातच राहिलं. एकच लावणी, पण गाणारीला मान आणि नाचणारीला शिट्टी. आणि जिच्या घराण्यातून ही कला आली, ती फडावरची बाई या वाटणीत कुठेच नाही.

आता याच्याशेजारी वाईच्या यमुनाबाईंना बसवा. 'बसवा' असं मुद्दाम म्हणतो, कारण त्यांची लावणी बैठकीची. १९१५चा जन्म, लोकांसमोर गाऊन-नाचून पोट भरणाऱ्या समाजातला. नऊवारीत अंगभर झाकलेल्या यमुनाबाई बसून गायच्या आणि एकाच ओळीवर अदा करत राहायच्या. एकदा लटका राग, एकदा वाट पाहणं, एकदा टोमणा, एकदा उघड आमंत्रण, एकदा त्या आमंत्रणाची थट्टा. शब्द तेच. समोर बसलेल्या रसिकाला दर वेळी वाटायचं की हे आपल्यालाच म्हटलं. आणि तो गोरामोरा व्हायचा. का? कारण बाई त्याच्याकडे बघत होत्या. इथं तपासणी त्याची चालू होती.

शृंगाराची माझी कसोटी ही आहे. कापड किती, हा प्रश्न शिंप्याचा. माझा प्रश्न असा, की जिच्याकडे आपण पाहतो, ती उलटून पाहू शकते का?

ही कसोटी लावा आणि आपलेच चित्रपट पुन्हा पाहा. 'सांगत्ये ऐका'त फडावरच्या वगातून गावच्या पाटलाचा अन्याय गावासमोर मांडला जातो. तिथं बाई पाहते, बोट दाखवते, सांगते. तेरा वर्षांनी 'पिंजरा'त काय होतं? बाई भुलवते, आणि चित्रपट मास्तरच्या डोळ्यांनी तिच्याकडे बघतो. चंद्रकलेला पश्चात्ताप आहे, शेवटी प्रेमही आहे, पण गोष्ट मास्तरची. १९५९ ते १९७२ या तेरा वर्षांत रंग आला, तंत्र सुधारलं, आणि बाईच्या हातातली गोष्ट निसटली. इटलीत एका परीनं उलटं घडलं. 'मालित्सिया'ची बाई मुकी, पण दहा वर्षांनंतरच्या 'किल्ली'तली बाई रोजनिशी लिहिते. स्तेफानिया सांद्रेल्ली तेव्हा पस्तिशी ओलांडलेली, वीस वर्षं नाव कमावलेली नटी होती. आपण काय करतोय हे तिला ठाऊक होतं. ब्रासचा कॅमेरा काही साधुसंत झाला नव्हता. तरी दोन रोजनिश्या समोरासमोर आल्या, की नवऱ्याची एकट्याची सत्ता हलते. तेवढ्यापुरता तो चित्रपट वर येतो.

आणि पडद्याबाहेर? तिथं किंमत कुणी मोजली?

'लास्ट टँगो'च्या वेळी मारिया श्नायडर एकोणीस वर्षांची होती. त्या कुप्रसिद्ध दृश्याचा तपशील तिला आधी सांगितला नव्हता. २००७ साली तिने सांगितलं की मला अपमानित झाल्यासारखं वाटलं. ती २०११ला गेली. २०१३ साली बेर्तोलुच्चीने कबूल केलं की तिला सांगायचं नाही, हे आम्ही ठरवलं होतं. न्यायालयाने फिल्म जाळायला सांगितली, प्रेक्षकांच्या नीतीसाठी. त्या मुलीच्या संमतीबद्दल त्या न्यायालयाने एक प्रश्न विचारला असता तर?

लाऊरा आंतोनेल्ली व्यायामशिक्षिका होण्यासाठी शिकली होती. विस्कोंतीसारख्या दिग्दर्शकाच्या 'लिन्नोचेन्ते'मध्ये तिने काम केलं, म्हणजे अभिनय येत होता. १९९१ साली 'मालित्सिया'चा पुढचा भाग काढायचा घाट घातला गेला. वयाच्या पन्नाशीत ती पुन्हा तिशीतली दिसावी म्हणून चेहऱ्यावर इंजेक्शनं दिली गेली, आणि चेहरा बिघडला. त्याच साली अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक. निर्दोष सुटायला २००० साल उजाडलं. २०१५ला रोमजवळच्या एका गावात ती एकाकी वारली. 'मालित्सिया'चा गल्ला कुणाकडे गेला, ते तुम्हीच सांगा.

आपल्याकडे हंसाबाई वाडकर. 'लोकशाहीर राम जोशी'तल्याही त्या, 'सांगत्ये ऐका'तल्याही त्या. पण हंसाबाईंनी एक गोष्ट केली, जी आंतोनेल्लीला जमली नाही. त्यांनी सांगितलं. १९७० साली त्यांचं आत्मकथन आलं, चित्रपटाचंच नाव घेऊन. दारू, लग्न, फसवणूक, स्वतःच्या इच्छा, काही लपवलं नाही. १९७१ला त्या गेल्या. १९७७ला श्याम बेनेगलांनी त्यावरून 'भूमिका' केला आणि स्मिता पाटील त्या भूमिकेत उभ्या राहिल्या. मराठी तमाशापटातल्या नायिकेने उलटून पाहिलं ते असं, पुस्तकाच्या पानावरून. १९७२च्या 'पिंजऱ्या'च्या आधीच ते पुस्तक दुकानात होतं, हेही विसरू नका.

मात्र इटलीची आणि आपली एक गोष्ट सारखी नाही, आणि ती सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. 'मालित्सिया'त प्रश्न मोलकरीण आणि मालक असा आहे, म्हणजे वर्गाचा. आपल्याकडे प्रश्न जातीचा आहे. फडावर कोण नाचत होतं? महार, मांग, कोल्हाटी, डोंबारी घरातल्या बायका. समोर बसून दौलतजादा कोण करत होतं? पठ्ठे बापूराव, म्हणजे ते कुलकर्णी, फडावरच्या पवळाबाईंबरोबर उभे राहिले, त्यांची जात गेली, शेवट हालात झाला, आणि त्यावर आपण हळहळतो. पवळाबाईंवर हळहळणारे किती? महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी देऊ केलेली तमाशाच्या उत्पन्नातली मदत डॉ. आंबेडकरांनी नाकारली, असा प्रसंग सांगितला जातो. आमच्या बायकांना नाचवून आलेला पैसा नको, हा त्याचा आशय. त्यात शृंगाराचा तिटकारा शोधू नका. गल्ला कुठून आला, हे विचारायची ती ताकद आहे. अलीकडे शैलजा पाईक यांनी तमाशातल्या बायका, जात आणि अश्लीलतेचा शिक्का यांवर जे संशोधन केलं, त्याचाही रोख हाच आहे. अश्लील हा शिक्का कलेवर कमी आणि माणसांवर जास्त मारला गेला.

म्हणून, लावणी ही आपली थोर परंपरा म्हणून नुसता फेटा बांधणाऱ्यांशी माझं जमत नाही, आणि हे सगळं बंद करा म्हणणाऱ्यांशीही जमत नाही. पहिला हिशेब विसरतो, दुसरा माणूस विसरतो.

आता आवरतं घेतो. थोडक्यात सांगायचं तर, शृंगारपटाला आडोसा लागतो. तो साहित्याचा असो, इतिहासाचा असो की बोधाचा, त्याचं भाडं कुणाला भरावं लागलं ते तपासा. शृंगारपट गल्ल्यावर जगतो आणि गल्ल्यावरच मरतो. म्हणून बंदीवर शक्ती खर्च करू नका. आणि कापड मोजू नका, नजर मोजा.

करण्यासारखं काय आहे? हे चित्रपट जपा. प्रौढ प्रेक्षकांना दाखवा, आधी वीस मिनिटं बोला, मागून तासभर भांडा. सातारा-सांगलीच्या चित्रपट मंडळांनी 'सांगत्ये ऐका', 'पिंजरा' आणि 'किल्ली' हे तीन चित्रपट लागोपाठ तीन रविवारी लावून पाहावेत. अश्लीलतेवरच्या दहा परिसंवादांपेक्षा जास्त कळेल. आणि या दोन जिल्ह्यांत फडावर उभ्या राहिलेल्या ज्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत, त्यांचं बोलणं त्यांच्या नावानिशी, त्यांच्या परवानगीने आणि त्यांना मानधन देऊन टिपून ठेवा. हे काम कुठल्या सरकारी आदेशाची वाट पाहत नाही. या सभागृहात बसलेल्या महाविद्यालयीन मुलामुलींना ते एका उन्हाळी सुट्टीत सुरू करता येईल.

प्रश्नोत्तरांना संयोजकांनी अर्धा तास ठेवला आहे. तासभर मी पुरुष म्हणून बायकांच्या नजरेवर बोललो, तेव्हा पहिला प्रश्न बाईंकडूनच यावा अशी विनंती करतो. आणि तो अडचणीचा असला तरी चालेल. खरं तर तसाच असावा.